विश्लेषण : हरवलेले शून्य आणि अडलेले बिल्ड... प्लगिनची कॉन्फिगरेशन फाइल कशी असावी?

सॉफ्टवेअर बांधणाऱ्या यंत्रणेला प्लगिन जोडले की त्याला सूचना द्यायला एक छोटी फाइल लागते. ती लिहायला दहा मिनिटे पुरतात. पण तिची रचना चुकली तर त्रास पुढे अनेक वर्षे भोगावा लागतो.

बिल्ड टूल काय करते?

कोड संकलित करणे, चाचण्या चालवणे, लागणाऱ्या लायब्ररी आणणे आणि शेवटी पॅकेज बांधणे ही बिल्ड टूलची कामे. अंधेरीच्या सीप्झमध्ये जावावर काम करणाऱ्यांना मॅव्हेन आणि ग्रेडल ही नावे नवी नाहीत. यातले मॅव्हेन स्वतः फार थोडे करते. कोड संकलित करण्याचे मूळ कामही त्यात प्लगिनच करते. कोणते प्लगिन, कोणती आवृत्ती, हे ‘पॉम.एक्सएमएल’ या फाइलमध्ये लिहिलेले असते. आवृत्ती लिहायची राहिली तर मॅव्हेन इशारा देते, कारण आज चाललेले बिल्ड उद्या वेगळ्या आवृत्तीमुळे बिघडू शकते.

मुंबईतील उदाहरण कोणते?

पवईच्या आयआयटीत शिकलेल्या रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी २०११ मध्ये ब्राऊझरस्टॅक सुरू केली. संकेतस्थळ वेगवेगळ्या ब्राऊझरवर आणि फोनवर नीट चालते का, हे तपासण्याची सोय ही कंपनी देते. तिचे एसडीके वापरताना प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरमध्ये ‘ब्राऊझरस्टॅक.वायएमएल’ ही फाइल ठेवतात. कोणत्या ब्राऊझरवर, कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, एकाच वेळी किती चाचण्या, हे सारे तिथे येते. चाचणीच्या कोडला हात न लावता नवा फोन यादीत घालता येतो. कोडमधून अशी माहिती बाहेर काढणे, हाच कॉन्फिगरेशन फाइलचा खरा उपयोग.

मग शून्य हरवते कुठे?

ऑक्टोबर २०२१ मध्ये पायथॉनची ३.१० ही आवृत्ती आली. वायएमएल फाइलमध्ये अवतरणचिन्हांशिवाय ३.१० लिहिले की ते दशांश संख्या म्हणून वाचले जाते आणि उरते ३.१. अनेकांची बिल्ड यामुळे अडली. नॉर्वेची गोष्ट याहून मजेशीर. त्या देशाचे संक्षिप्त नाव ‘एनओ’, वायएमएलच्या १.१ आवृत्तीत त्याचा अर्थ ‘नाही’ असा होतो! २००९ च्या १.२ आवृत्तीत हे सुधारले, तरी जुन्या नियमाने वाचणारी साधने अजून वापरात आहेत. दोष केवळ वायएमएलचा नाही. आवृत्तीच्या जागी संख्या आली तर प्लगिनने अंदाज बांधू नये, तिथेच थांबावे आणि कितव्या ओळीत काय चुकले ते सांगावे. चुकीच्या स्पेलिंगची सूचना गुपचूप दुर्लक्षित करणारे प्लगिन तर सर्वांत घातक. चाचण्या चालल्या असे वाटते, प्रत्यक्षात त्या चाललेल्याच नसतात.

प्रत्येकाची वेगळी फाइल हवी?

पायथॉनने २०१६ च्या ‘पेप ५१८’ प्रस्तावातून यावर उत्तर काढले. ‘पायप्रोजेक्ट.टॉमल’ ही एकच फाइल आणि तिच्यात प्रत्येक साधनाला स्वतःच्या नावाचा विभाग. पायपीआयवर ते नाव ज्याच्या मालकीचे, त्यानेच तो विभाग वापरायचा. ईएसलिंट मात्र उलट दिशेने गेले. एप्रिल २०२४ च्या नवव्या आवृत्तीपासून त्याची मूळ फाइल जावास्क्रिप्टमध्ये असते, म्हणजे चक्क प्रोग्राम. लवचीकता वाढते, पण फाइल चालवून पाहिल्याशिवाय तिचा अर्थ दुसऱ्या साधनाला कळत नाही. बहुतेक प्लगिनना इतक्या मोकळिकीची गरज नसते.

पासवर्ड कुठे ठेवावा?

फाइलमध्ये नक्कीच नाही. ती गिटमध्ये जाते, सगळ्या टीमला दिसते. ब्राऊझरस्टॅकची फाइलही युजरनेम आणि अॅक्सेस की मागते, पण त्या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमधून देण्याची सोय आहे. चुकून फाइलमध्ये गेलेली की नंतर पुसली तरी गिटच्या इतिहासात ती राहतेच. अशा वेळी जुनी की रद्द करून नवी घ्यावी लागते.