मांजर, मीटर ब्रिज आणि थरथरणारा हात

बारावीच्या सराव परीक्षेचा दिवस होता. आमच्या प्रयोगशाळेत मुले आपापल्या टेबलापाशी उभी होती. एका मुलाच्या वाट्याला मीटर ब्रिजचा प्रयोग आला होता. तुमच्यापैकी जे अजून शाळेत आहेत त्यांच्यासाठी सांगतो. या उपकरणात एक मीटर लांबीची तार ताणून बसवलेली असते. तिच्यावर जॉकी नावाची धातूची पट्टी टेकवत जायचे आणि गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर कोठे येतो ते शोधायचे. त्या जागेला शून्यबिंदू म्हणतात.

मुलगा हुशार होता, पण मी त्याच्या पाठीशी जाऊन उभा राहिलो आणि त्याचा हात थरथरू लागला. जॉकी तारेवर नीट टेकेना. काटा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. "अरे, इतके घाबरायला काय झाले?" मी जरा चढ्या आवाजातच विचारले. थरथर आणखी वाढली. शेवटी कंटाळून मी दुसऱ्या टेबलाकडे वळलो.

आमच्या प्रयोगशाळेत एक मांजर आहे. उंदरांचा उपद्रव वाढला तेव्हा परिचरांनी दूध घालून तिला राहवून घेतले. बसल्या बसल्या तिची शेपटी हलत असते, म्हणून मुलांनी तिचे नाव ठेवले आहे 'लंबक'. पाच मिनिटांनी मागे पाहतो तो लंबक त्या मुलाच्या शेजारच्या स्टुलावर येऊन बसलेली! मुलगा डाव्या हाताने तिची मान खाजवत होता आणि उजव्या हाताने जॉकी सरकवत होता. काटा शून्यावर स्थिर होता.

त्या मुलाला मांजराने शांत केले, असे मी घरी सांगितले. सांगता सांगता माझे मलाच खटकले. मांजर आली हे खरे, पण त्याच वेळी मी तेथून गेलो होतो! एका वेळी एकच राशी बदलावी, बाकीच्या स्थिर ठेवाव्यात, हे मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे. येथे दोन गोष्टी एकदम बदलल्या होत्या. मग श्रेय कोणाचे? मांजर येण्याचे की मास्तर जाण्याचे? या प्रश्नाच्या मागे लागलो तेव्हा कळले की शास्त्रज्ञांनी तो अगदी काटेकोरपणे तपासला आहे.

थरथर येते कोठून?

भीती वाटली की मेंदूकडून दोन वाटांनी हुकूम सुटतात. पहिली वाट चेतातंतूंची. अनुकंपी चेतासंस्था काही क्षणांत जागी होते, मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींतून अॅड्रेनॅलिन रक्तात उतरते, हृदय वेगाने धडधडते, रक्तदाब चढतो, स्नायू ताठरतात आणि हात थरथरतात. दुसरी वाट सावकाशीची. त्याच ग्रंथींतून कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक पाझरते आणि त्याचे प्रमाण काही मिनिटांत वाढत जाते. हे कॉर्टिसॉल लाळेतही उतरते, त्यामुळे सुई न टोचता ते मोजता येते.

वाघ समोर आला तर ही सारी तयारी उपयोगाची. मीटर ब्रिजसमोर मात्र ती आड येते. असो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे की मनाचा ताण मोजायला आता तीन राशी हाती आल्या : नाडीचे ठोके, रक्तदाब आणि लाळेतील कॉर्टिसॉल.

जिंगल्सची गोष्ट

बोरिस लेव्हिन्सन हे न्यूयॉर्कमधील बालमानसशास्त्रज्ञ. त्यांच्याकडे जिंगल्स नावाचा कुत्रा होता. एकदा एक आई आपल्या अबोल, कोणाशीही न मिसळणाऱ्या मुलाला घेऊन ठरलेल्या वेळेच्या खूप आधी आली. जिंगल्स तेव्हा खोलीतच होता. तो धावत मुलाजवळ गेला आणि त्याला चाटू लागला. मूल घाबरेल असे वाटले होते, पण त्याने कुत्र्याला जवळ घेतले. पुढे त्या मुलाशी संवाद साधण्यासाठी जिंगल्सच दुवा ठरला. लेव्हिन्सन यांनी हा अनुभव १९६२ साली लेखरूपाने मांडला. अनेकांनी त्यांची थट्टा केली. त्यात आश्चर्य नाही. एक गोष्ट म्हणजे पुरावा नव्हे! पुराव्यासाठी आकडे हवेत.

मोजमाप सुरू झाले

१९८० साली एरिका फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हृदयविकाराच्या ९२ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकी ५३ जणांकडे पाळीव प्राणी होते, ३९ जणांकडे नव्हते. वर्षभरात पहिल्या गटातील ३ रुग्ण दगावले, दुसऱ्या गटातील ११. टक्केवारी काढून पाहा. पहिल्या गटात सुमारे ६, तर दुसऱ्यात सुमारे २८!

पण थांबा. प्राणी पाळणारे आणि न पाळणारे यांच्यात आधीपासूनच काही फरक असू शकतो. ज्याच्या अंगात त्राण आहे तोच प्राणी पाळत असेल. तेव्हा दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. हा धोका फ्रीडमन यांनाही ठाऊक होता. म्हणून पुढचे पाऊल होते प्रत्यक्ष प्रयोगाचे.

१९८३ साली फ्रीडमन यांच्या गटाने ९ ते १६ वर्षे वयाच्या ३८ मुलांचा रक्तदाब मोजला, आधी स्वस्थ बसलेले असताना आणि मग मोठ्याने वाचताना. काही मुलांच्या बाबतीत एक स्नेहाळ कुत्रा सुरुवातीपासून खोलीत होता, तर काहींच्या बाबतीत तो मागाहून आणला. मोठ्याने वाचताना रक्तदाब वाढतोच. पण कुत्रा खोलीत असताना तो बसलेल्या आणि वाचणाऱ्या, अशा दोन्ही स्थितींत कमी भरला. कुत्रा सुरुवातीपासून असेल तर परिणाम अधिक होता.

मित्र की कुत्रा?

आता माझ्या प्रश्नाकडे येऊ. अमेरिकेतील कॅरेन अॅलन यांनी १९९१ साली ४५ स्त्रियांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. या स्त्रियांना तोंडी गणिते घालण्यात आली, एखाद्या मोठ्या संख्येतून ठरावीक संख्या भराभर वजा करीत जायची अशा स्वरूपाची. काही जणींच्या सोबत त्यांची जिवलग मैत्रीण होती, काही जणींच्या सोबत त्यांचा कुत्रा, आणि काही जणींसोबत प्रयोग करणाऱ्या व्यक्तीखेरीज कोणीच नव्हते.

तुम्हाला काय वाटते, सर्वांत कमी ताण कोणाला आला असेल? मैत्रीण जवळ असलेल्यांना, असे तुम्ही म्हणाल. प्रत्यक्षात ताणाची चिन्हे त्यांच्यातच सर्वांत जास्त दिसली! सर्वांत कमी दिसली ती कुत्रा जवळ असलेल्यांत.

याचे कारण उघड आहे. मैत्रीण कितीही जिवलग असली तरी उत्तर चुकले हे तिला कळते. कुत्र्याला वजाबाकी येत नाही. तो जवळ असतो, पण परीक्षा घेत नाही. म्हणजे सोबत हवी, पण पारख करणारी नजर नको, असे हे दुहेरी कोडे आहे. माणसाकडून एक घ्यावे तर दुसरे आपोआप येते. प्राण्याकडून फक्त पहिले मिळते.

माझ्या प्रयोगशाळेतील निकालही बहुधा असाच लागेल. मांजर आली हे चांगले झाले आणि मास्तर गेले हेही चांगले झाले.

कामाच्या ठिकाणी

याच अॅलन यांनी २००१ साली आणखी एक प्रयोग मांडला. या वेळी त्यांनी ४८ माणसे घेतली. सर्वांचा रक्तदाब वाढलेला आणि कामे अतिशय दगदगीची. सर्वांना एकच औषध सुरू केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्यांना प्राणी पाळायला सांगितले. अशा निवडीमुळे 'धडधाकट माणसेच प्राणी पाळतात' ही शंका उरत नाही. सहा महिन्यांनी पाहिले तर औषधाने स्वस्थ असतानाचा रक्तदाब दोन्ही गटांत उतरला होता. पण ताणाचे काम दिल्यावर रक्तदाब जो उसळी घेतो, ती उसळी प्राणी पाळणाऱ्यांत कमी होती. औषध आणि प्राणी यांची कामे वेगवेगळी निघाली. म्हणून कुत्रा आणला की गोळ्या बंद, असा अर्थ कोणी काढू नये.

काही कचेऱ्यांत कर्मचाऱ्यांना आपला कुत्रा सोबत आणता येतो. अमेरिकेत ग्रीन्सबरो गावी चिनी मातीची आणि काचेची भांडी विकणारी अशीच एक कंपनी आहे. तेथील ७५ कर्मचाऱ्यांची पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. कुत्रा सोबत आणणाऱ्यांनी सांगितले की दिवस सरत जातो तसा आमचा ताण कमी होतो. इतरांनी सांगितले की आमचा वाढतो. मात्र लाळेतील कॉर्टिसॉलमध्ये गटागटांत फारसा फरक आढळला नाही!

आता खरे कोणाचे मानावे, माणसाचे की कॉर्टिसॉलचे? मला वाटते, दोन्ही नोंदी प्रामाणिकपणे वहीत लिहाव्यात. 'बरे वाटणे' आणि 'संप्रेरक उतरणे' या दोन वेगळ्या राशी आहेत. त्या नेहमी हातात हात घालून चालतीलच असे नाही. आपल्याला हवा तो आकडा ठेवून नको तो खोडणे हे विज्ञान नव्हे.

वर्गातील प्राणी

व्हिएन्ना येथे २४ लहान मुलांच्या एका वर्गात कुत्रा ठेवून पाहिले. त्याचे निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाले. एक महिना कुत्र्याविना आणि नंतर एक महिना कुत्र्यासह वर्गाचे चित्रण केले. कुत्रा असताना दांडगाई कमी झाली, बुजरी मुले मिसळू लागली आणि शिक्षकांकडे लक्ष वाढले. यातील उणीव तुमच्या ध्यानात आली का? कुत्र्याचा महिना दुसरा होता. नुसत्या दिवसांनीही मुले रुळतातच.

२०१९ साली वॉशिंग्टन राज्य विद्यापीठात ही उणीव टाळली गेली. २४९ विद्यार्थ्यांचे चार गट पाडले. पहिल्या गटाने दहा मिनिटे कुत्र्यामांजरांना कुरवाळले, दुसऱ्याने ते नुसते पाहिले, तिसऱ्याने प्राण्यांची चित्रे पाहिली आणि चौथा गट वाट पाहत बसला. लाळ तपासली तेव्हा कुरवाळणाऱ्यांचे कॉर्टिसॉल इतरांपेक्षा कमी निघाले.

शाळेत कुत्रा आणणे आपल्याकडे सहज शक्य नाही. पण माशांची टाकी? इंग्लंडमध्ये प्लिमथ येथील मत्स्यालयात साडेपाच लाख लिटरच्या एका टाकीत नव्याने मासे सोडायचे होते. संशोधकांनी ती संधी साधली. टाकी बिनमाशांची असताना, अर्धवट भरल्यावर आणि पूर्ण भरल्यावर, अशा तीन वेळा त्यांनी पाहणाऱ्यांच्या नोंदी घेतल्या. २०१५ साली निष्कर्ष आले. नुसत्या पाण्याकडे पाहूनही माणसे थोडी निवतात, पण मासे वाढले तसे हृदयाचे ठोके अधिक उतरले.

तुम्हीही करून पाहा

दहाबारा मित्रमैत्रिणी जमवा. शाळेतील माशांची टाकी किंवा कोणाच्या घरचा ओळखीचा, लस टोचलेला प्राणी चालेल. प्रत्येकाने पाच मिनिटे भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि मग एक अपरिचित पान सर्वांसमोर मोठ्याने वाचायचे. वाचन संपताच सोबत्याने मनगटावर नाडी मोजायची. नाडी मोजताना अंगठा वापरू नका, कारण त्याची स्वतःची नाडी लागते. दुसऱ्या दिवशी हेच सर्व, पण भिंतीऐवजी टाकीसमोर बसून. पान तितकेच अवघड, पण निराळे घ्या.

निम्म्यांनी पहिल्या दिवशी भिंत घ्यावी आणि निम्म्यांनी टाकी. का, ते व्हिएन्नाच्या उदाहरणावरून ओळखा. नाडी पूर्ण मिनिटभर मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलीत तर एका ठोक्याची चूक दोन ठोक्यांची होते. फरक आढळला नाही तरी तसाच लिहा.

एक सूचना मात्र कटाक्षाने पाळा. रस्त्यावरील अनोळखी कुत्र्यामांजरांना या प्रयोगासाठी हात लावू नका. कोणताही प्राणी चावला किंवा त्याने ओरखडले, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर उपचार जवळजवळ व्यर्थ ठरतात. वेळेवर घेतलेली लस मात्र जीव वाचवते. वर्गात कोणाला प्राण्यांच्या केसांनी दम लागत असेल किंवा भीती वाटत असेल, तर त्याचाही मान राखा. आणि हो, प्राण्यालाही कंटाळा येतो, दमणूक होते. तो उठून जाऊ लागला तर त्याला जाऊ द्या.

आमची लंबक उठून जाते तेव्हा तिला कोणी अडवत नाही. ती काही रोज हजर नसते, आणि प्रत्येक शाळेत मांजर असेलच असेही नाही. पण अॅलन यांच्या प्रयोगातून आम्हा शिक्षकांना एक गोष्ट घेता येते. जवळ असावे, पण प्रत्येक क्षणी पारखत राहू नये. आता प्रात्यक्षिकाची पहिली दहा मिनिटे मी खिडकीपाशी बसून काढतो. कोणी हाक मारली तरच टेबलाजवळ जातो. तुमचा एखादा वर्गमित्र मोठ्याने वाचताना अडखळला, तर तुम्हालाही हे करून पाहता येईल. त्या वेळी हसू नका, नुसते शेजारी बसा.

तो मुलगा मुख्य प्रात्यक्षिक परीक्षेत उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला. त्या दिवशी मांजर आली नव्हती. मीही त्याच्या पाठीशी उभा नव्हतो.