गडगडाट झाला म्हणून वणव्याचा धोका टळत नाही

उत्तराखंड आणि हिमाचल प्रदेशातील मध्यम उंचीच्या डोंगररांगांत एप्रिल ते जून हा वणव्यांचा मुख्य काळ असतो. उत्तराखंडात 15 फेब्रुवारी ते 15 जून हा अधिकृत वणवा हंगाम मानला जातो. याच काळात दुपारनंतर ढग दाटतात, विजा चमकतात आणि आता आग आटोक्यात येईल असे गावकऱ्यांना वाटू लागते. पुष्कळदा तसे घडतेही. मे 2016 च्या आरंभी उत्तराखंडातील भीषण वणवे शमण्यास पावसाची मोठी मदत झाली. परंतु पुरेसा पाऊस न देणारे वादळ आग विझवण्याऐवजी पसरवू शकते. त्यामुळे वादळातून पाऊस किती पडेल आणि वारा कसा वाहील, या दोन गोष्टींचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक ठरते.

चिडाच्या सुया : तत्पर इंधन

या पट्ट्यात चीड हा प्रमुख वृक्ष आहे. उन्हाळ्यात त्याच्या लांब सुया मोठ्या प्रमाणात गळतात. स्थानिक भाषेत त्यांना ‘पिरूल’ म्हणतात. राळयुक्त सुयांचा हा थर सैल असल्याने त्यात हवा खेळती राहते आणि तो लवकर पेट घेतो. इतक्या बारीक इंधनातील ओलावा भोवतालच्या हवेनुसार तासाभरात बदलतो. म्हणूनच सकाळी दवाने ओलसर असलेला थर दुपारी ज्वलनशील होतो. जाड ओंडके मात्र वाळण्यास आणि भिजण्यास कित्येक दिवस घेतात.

उताराची त्यात भर पडते. चढाच्या दिशेने जाणारी ज्वाळा वरच्या इंधनाला आधीच तापवते. त्यामुळे सपाटीपेक्षा चढावर आग कितीतरी वेगाने धावते. याउलट पेटलेली चिडाची बोंडे घरंगळत खाली जातात आणि विझवणाऱ्यांच्या पाठीमागे नवी आग लावतात.

पावसाआधी पोहोचणारा वारा

उन्हाने तापलेल्या उतारांवरील हवा वर चढते. पश्चिमी चक्रावातामुळे किंवा समुद्रावरून आलेल्या वाऱ्यांमुळे बाष्प मिळाले, की त्या हवेतून उंच गडगडाटी ढग तयार होतात. महाराष्ट्रातील वळवाच्या पावसामागेही मूलतः हीच प्रक्रिया असते. ढगाचा तळ उंच आणि खालची हवा कोरडी असल्यास पावसाचे थेंब जमिनीवर पोहोचण्यापूर्वीच विरतात. या बाष्पीभवनाने हवा थंड व जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. दऱ्यांमध्ये हा झोत अधिक अनियमित होतो.

वणव्याच्या दृष्टीने या झोताची बदलती दिशा सर्वांत घातक असते. आतापर्यंत संथ जळणारी आगीची लांबलचक बाजू वारा फिरताच आघाडी बनते आणि क्षणापूर्वी सुरक्षित वाटणारी जागा ज्वाळांच्या वाटेत येते. अशा वेळी वादळ पुष्कळ दूर असले तरी त्याचा वारा आगीपर्यंत पोहोचू शकतो.

कोरड्या वादळातील वीजही आग लावू शकते. ऑगस्ट 2020 मध्ये कॅलिफोर्नियात अशा विजांमुळे अनेक मोठे वणवे पेटले. भारतात मात्र बहुसंख्य वणव्यांचे मूळ मानवी कृतीत असते. याचाच अर्थ असा, की धोक्याचा मोठा भाग माणसाच्या हाती आहे.

थोडी सर, अल्प दिलासा

हलक्या सरीने सुयांचा वरचा थर भिजतो. पण ऊन आणि वारा पुन्हा आल्यास तो काही तासांत वाळतो. जुन्या खोडांत, मुळांत धुमसणारी आग टिकून राहते आणि नंतर डोके वर काढते. मोसमी पाऊस स्थिरावेपर्यंत धोका संपत नाही. 13 जून 2024 रोजी अल्मोडा जिल्ह्यातील बिनसर अभयारण्यात वणव्याने वनविभागाच्या चार कर्मचाऱ्यांचा बळी घेतला, तो मोसमी पावसाच्या उंबरठ्यावरच.

शेतीशी असलेला संबंध

वणव्याची झळ पालापाचोळ्यातील कोलेंबोला, कोळी व भक्षक भुंगेरे यांना प्रथम बसते. पालापाचोळा कुजवण्याचे आणि किडींवर नैसर्गिक नियंत्रण ठेवण्याचे कार्य हेच जीव करतात. धुराच्या सान्निध्यात मधमाश्या पोळ्यातील मध पोटात भरून घेतात आणि त्यांचा फुलांवरील वावर मंदावतो. होरपळलेल्या, राळेचा प्रवाह घटलेल्या चिडांवर इप्स लाँगिफोलिया यांसारखे साल पोखरणारे भुंगेरे सहज हल्ला करतात. त्यामुळे आग विझल्यानंतरही वनाची हानी चालू राहते.

गावपातळीवरील उपाय

अल्मोड्यातील शीतलाखेत परिसराने एक अनुकरणीय वाट दाखवली आहे. शेताच्या बांधावरील झुडपे व काडीकचरा जाळण्याचे काम तेथे 31 मार्चपूर्वी संपवले जाते आणि 1 एप्रिल हा ‘ओण दिवस’ म्हणून पाळला जातो. उष्मा आणि वादळी वारे वाढण्यापूर्वीच जाळणे थांबवणे, हे त्याचे मर्म आहे. कृषी विस्तारकांनी पुढील बाबींवर भर द्यावा :

• गडगडाटाचा इशारा असलेल्या दिवशी ‘पाऊस येणारच आहे’ या भरवशावर काहीही जाळू नये. भारतीय हवामान विभागाच्या इशाऱ्यात पावसाबरोबर वाऱ्याचा वेगही पाहावा.

• पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अ‍ॅप वापरावे. विजा जवळ येत असल्यास डोंगरमाथा व एकाकी झाड सोडून पक्क्या इमारतीत जावे.

• डेहराडून येथील भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या उपग्रहाधारित वणवा-सूचनांसाठी मोबाइल क्रमांक नोंदवावा.

• घरे, गोठे आणि मधपेट्यांभोवतीचा पिरूल वेळीच गोळा करावा. जाळरेषा स्वच्छ ठेवाव्यात.

• आग विझवताना ढग दाटले, वारा अचानक पडला किंवा थंड झुळूक आली, तर उतारावरील माणसांना तत्काळ सुरक्षित जागी हलवावे.

• सर पडून गेल्यावरही जळालेल्या क्षेत्राची काही दिवस पाहणी करावी. धुमसणारी खोडे माती व पाण्याने पूर्ण विझवावीत.

डोंगरात ढग दिसणे हा दिलासा नव्हे, तर सावध होण्याचा संकेत मानावा. माती खोलवर भिजेपर्यंत ही सावधगिरी सोडू नये.