‘जादू’ची जुनी ओळख

‘जादू’ हा शब्द मराठीत फारसीतून आला असला, तरी त्याचे मूळ वैदिक आणि प्राचीन इराणी भाषा एकमेकींच्या अगदी निकट होत्या त्या काळापर्यंत मागे जाते. ऋग्वेदात आणि झरथुष्ट्री धर्मग्रंथ असलेल्या अवेस्तात ‘यातु’ हा एकच शब्द आढळतो. मंत्रतंत्राने दुसऱ्याचा घात करण्याची विद्या हा त्याचा अर्थ, आणि ती बाळगणाऱ्याला वेदात ‘यातुधान’ म्हटले आहे. शब्दारंभीच्या ‘य’चा फारसीत ‘ज’ होतो. ज्या वाटेने संस्कृत ‘युवन्’शी नाते सांगणारा ‘जवान’ मराठीत आला, त्याच वाटेने ‘जादू’ही आली. जुन्या फारसीत ‘जादू’ने करणी करणारा माणूसही दाखवला जाई; पुढे कर्त्यासाठी ‘गर’ हा प्रत्यय लागून ‘जादूगर’ आणि मराठीत ‘जादूगार’ रूढ झाला.

हा शब्द मुळात कौतुकाचा नव्हे, आरोपाचा होता. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील १०४ व्या सूक्तात, परंपरेने वसिष्ठाच्या मानलेल्या ऋचेत, आपण यातुधान असू तर आजच मरण यावे, असे ऋषी शपथेवर सांगतो आणि आपल्यावर तसा खोटा आळ घेणारा आपल्या दहा पुत्रांना मुको, असा शापही देतो. ज्याच्यावर चेटकाचा ठपका येई, त्याला स्वतःचे निर्दोषत्व प्राणाची पैज लावून सांगावे लागे, हे या ऋचेतून स्वच्छ दिसते.

मराठीने हे भय बहुतांशी करणी, मूठ, चेटूक, भानामती या शब्दांकडे सोपवले आणि ‘जादू’ बरीचशी मोकळी केली. त्यामुळे गायिकेच्या आवाजात जादू असते, निवडणुकीत एखाद्याची जादू चालत नाही, आणि प्रश्न सोडवायला आपल्याकडे जादूची कांडी नाही, असे मंत्री सांगतात. पुण्याच्या जादूगार रघुवीर यांच्यासारख्या कलावंतांनी रंगमंचावर केली ती उघड हातचलाखी होती. तिला ‘जादूचे प्रयोग’ म्हणताना, हाच ‘प्रयोग’ शब्द तंत्रग्रंथांत मारण-उच्चाटनाच्या विधींनाही लावला जातो, हे प्रेक्षकांच्या ध्यानीमनीही नसे.

‘टोणा’ जोडला की मात्र जुना अर्थ लगेच परततो. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी लढणारे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाल्यानंतर महाराष्ट्रात आधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरात जो कायदा झाला, त्याच्या लांबलचक नावात ‘जादूटोणा’ हाच शब्द आहे. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा या कायद्याने दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरला असून, त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे.