काळ्या मातीची सूक्ष्म विद्या

आदिलाबादच्या कापसाच्या रानाला वैशाखात अशा भेगा पडतात की त्यांत मनगटापर्यंत हात जावा. मृगाच्या सरी कोसळल्या की तीच माती फुगते आणि भेगा बुजतात. असे का व्हावे?

या मातीतील चिकण कणांचे पापुद्रे सुमारे एक नॅनोमीटर, म्हणजे मीटरचा अब्जावा भाग, इतके पातळ असतात. त्यांच्यामध्ये पाणी शिरले की ते दूर सरतात. पाणी आटले की जवळ येतात. अशा एक ग्रॅम शुद्ध चिकणद्रव्याचे सारे पापुद्रे पसरता आले, तर पृष्ठभाग ७०० चौरस मीटरांहून अधिक भरेल! पदार्थ इतका सूक्ष्म झाला की त्याचे गुणच पालटतात. सोन्याचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तांबडे दिसतात. हे गुण ओळखून कामास लावणे, हेच नॅनोतंत्रज्ञान.

कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात या विद्येचा स्वतंत्र विभाग आहे. जवळच बासरला, त्या वेळच्या आदिलाबाद आणि २०१६ पासूनच्या निर्मल जिल्ह्यात, २००८ साली स्थापन झालेल्या तंत्रविद्यापीठात ग्रामीण मुलांना दहावीनंतरच प्रवेश मिळतो. तेथे धातू व पदार्थविज्ञानाची अभियांत्रिकी शिकवतात. या विद्येचा पाया तोच.

मात्र कापूसवेचणीच्या दिवसांत आमच्या वर्गातील बाके रिकामी पडतात, आणि काही मुले पुन्हा परततच नाहीत. भेगेत हात घातलेल्या मुलाने या शास्त्राचा पहिला धडा पाहिलेलाच असतो. पालकहो, पुढचे धडे शिकण्यापूर्वी त्याची शाळा सुटू देऊ नका.