काम करायची तयारी मोजायची कशी?

माणूस कामावर आहे, हे हजेरीपट सांगतो. पण ‘मी रिकामा आहे, आज काम दिलेत तर आजच येतो’ ही तयारी कोणता कागद सांगणार? बेकारभत्ता देणाऱ्या सरकारांपुढे हा पेच पहिल्यापासून आहे.

ब्रिटनने १९११च्या कायद्यात काढलेली युक्ती पाहून मी थक्क झालो. आठवड्याला सात शिलिंग भत्ता हवा असेल, तर कामगाराने कामाच्याच वेळेत रोजगार केंद्रात येऊन सही करायची. भर दुपारी तिथे रांगेत असलेला माणूस त्याच वेळी कारखान्यात असणार कसा? शिवाय जागा निघाली की त्याला तिथूनच कामावर धाडता येई. एका सहीत रिकामपणही आले आणि तयारीही!

१९२१ मध्ये मात्र आणखी एक अट आली : आपण खरोखरच काम शोधत आहोत, हे अर्जदारानेच पटवून द्यायचे. मग जिथे काम नाही हे सगळ्या गावाला ठाऊक, तिथेही माणसे नकार गोळा करत दारोदार फिरली. लाखो दावे फेटाळले गेले. १९३० मध्ये ती अट रद्द झाली. मला ती निव्वळ क्रूर वाटते.

महाराष्ट्राने हा पेच दुसऱ्याच टोकाने सोडवला. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून १९६५ मध्ये तासगाव तालुक्यातल्या विसापूरला जो प्रयोग सुरू झाला, त्यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. इथे तयारीची परीक्षा कामातच आहे. रणरणत्या उन्हात माती खणायला, खडी फोडायला गरज नसलेला माणूस येईलच कशाला? म्हणून मजुराने काम मागितले, की ती मागणी हाच पुरावा.

पुढे २००५च्या केंद्रीय कायद्याने हीच कल्पना देशभर नेली. मागणीपासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर भत्ता सुरू होई : पहिले तीस दिवस मजुरीच्या किमान पाव, नंतर किमान निम्मा. यातली खरी कमाल खर्चाच्या वाटणीत होती. अकुशल मजुरीचे पैसे केंद्र देई, पण भत्ता राज्याच्या खिशातून जाई. म्हणजे काम काढणेच राज्याच्या फायद्याचे!

एवढी सुरेख रचना, आणि तिचा सगळा भार एका चिटोऱ्यावर : मागणीची तारीख घातलेली पोचपावती. ती हातात नसेल तर पंधरा दिवस मोजायचे कुठून? ठिकठिकाणी ही पावती दिलीच जात नसे, म्हणून हक्काचा भत्ता फार थोड्यांच्या पदरात पडला. याचा मला मनापासून राग येतो.

दिलेले काम नाकारणाऱ्यालाही कायद्याने मोकळे सोडले नाही : पंधरा दिवसांत हजर न झाल्यास तीन महिने भत्ता बंद. मात्र त्या तीन महिन्यांतही, कोणत्याही दिवशी, तो पुन्हा काम मागू शकत होता.