लॅपटॉपची मेमरी : आधी परीक्षण, मग मात्रा

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून एका शेतकरी मित्राच्या ओसरीवर चहाला टेकलो होतो. घरात बाप-लेकाचे बिनसलेले दिसले. मुलगा तालुक्याला इंजिनिअरिंगला. त्याच्याजवळ गेमिंगचा लॅपटॉप, तीन वर्षांचा. त्यात मेमरी वाढवून ३२ जीबी करायची, असा त्याचा हट्ट. बापाजवळ पैसे होते ते सोयाबीनचे, आणि तेही रब्बीच्या बियाण्या-खतासाठी बाजूला काढलेले.

"साहेब, तुम्हीच सांगा," मित्र म्हणाला, "ही मेमरी खतावानी असती का? जास्त टाकली का जास्त पिकतं?"

प्रश्न लाखमोलाचा. खतसुद्धा तसे पिकवीत नाही, हे आपण जाणतोच.

शेतकरी बंधु-भगिनींनो, लॅपटॉपमध्ये माल ठेवायच्या दोन जागा असतात. एक कोठार. खेळ, फोटो, अभ्यास तिथे कायम राहतो. त्याला एसएसडी म्हणतात. दुसरी जागा म्हणजे खळे. चालू कामाला लागेल तेवढा माल कोठारातून आणून इथे पसरायचा. हे खळे म्हणजे मेमरी, म्हणजेच रॅम. लॅपटॉप बंद केला की खळे साफ. खळे लहान पडले तर यंत्र काही माल पुन्हा कोठारात टाकते आणि लागला की परत आणते. या हेलपाट्यांत खेळ मध्येच अडखळतो. पण खळे भरतच नसेल, तर ते दुप्पट केल्याने मळणी लवकर उरकत नाही.

लीबिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखला जाणारा नियम आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो. जे अन्नद्रव्य सर्वांत कमी, त्यावर पीक अडते. जमिनीत जस्त कमी असेल तर युरियाची पोती ओतून उपयोग नाही. इथेही तसेच. खेळ कधी मेमरीवर अडतो, कधी ग्राफिक कार्डावर, कधी नुसत्या उष्णतेवर. ग्राफिक कार्डाची मेमरी वेगळी. ती कारखान्यातूनच बसवून येते, घरी वाढवता येत नाही.

तेव्हा आधी परीक्षण. मुलाला खेळ चालू करायला लावला आणि कंट्रोल, शिफ्ट, एस्केप ही तीन बटणे एकदम दाबायला सांगितली. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्स आणि मग मेमरी. ८ जीबीपैकी साडेसात भरलेली! म्हणजे पोराचे म्हणणे खोटे नव्हते. त्याच पानावर मेमरीचा वेग दिसतो आणि किती स्लॉट वापरात आहेत तेही दिसते. इथे दोनपैकी एकच भरलेला होता.

आता जात ओळखणे. तीन वर्षांपूर्वी पुतण्यासाठी मी स्वतः लॅपटॉप न पाहता मेमरी घेऊन गेलो होतो. दुकानदाराने डीडीआर ५ दिली, लॅपटॉपला हवी होती डीडीआर ४. दोन्हींच्या खाचेची जागा वेगळी, त्यामुळे बसेचना. परत घेताना दुकानदाराने पैसे कापले, घरी बोलणी बसली ती निराळीच. डीडीआर ४ ला १.२ व्होल्ट लागतात, डीडीआर ५ ला १.१. एकीच्या जागी दुसरी कधीच चालत नाही. शिवाय लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तिला सोडिम म्हणतात. टेबलावरच्या संगणकाची लांब पट्टी उपयोगाची नाही. काही लॅपटॉपमध्ये तर मेमरी बोर्डालाच डाखलेली असते. तिथे वाढवायला मोकळा स्लॉट नसेल, तर विषयच संपला.

मुलाचा लॅपटॉप डीडीआर ४ चा, वेग ३२०० चा. आहे ती पट्टी काढून नव्या दोन १६-१६ च्या घालायच्या, असा त्याचा बेत. मी म्हटले, "अरे, तुझा एक बैल धडधाकट आहे, त्याला जोडीदार आण." त्याच जातीची, त्याच वेगाची ८ जीबीची एक पट्टी घातली की १६ होतात. वर यंत्राला दोन्हींतून एकाच वेळी माल ओढता येतो, ही एकेरी पट्टीला न मिळणारी सोय. वेग कमीजास्त असेल तर तेज बैल मंद बैलाच्या चालीने चालतो. म्हणून महागड्या वेगाच्या पट्टीमागे लागू नये. लॅपटॉप झेपेल तेवढ्याच वेगाने ती चालवतो. आजच्या बहुतेक खेळांना १६ पुरते. व्हिडिओ जुळवण्याचे काम किंवा फारच जड खेळ असेल तर ३२ चा विचार करावा.

भावाचेही पाहावे लागते. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांची मागणी वाढली आणि जगभर मेमरी भडकली. अशा वेळी गरजेपेक्षा जास्त घेणे म्हणजे तेजीत बियाणे साठवणे.

पुढच्या बाजारी पट्टी आली. हमी चालू असेल तर उघडण्यापूर्वी अटी वाचाव्यात; याची संपली होती. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, झाकण उघडून बॅटरीची तार सोडवली. हिवाळ्यात अंगावर स्थिर वीज साचते, म्हणून आधी धातूला हात लावायला सांगितले. पट्टी तिरकी घालून खाली दाबली, दोन्ही बाजूंचे चिमटे टक्कन बसले. खेळ सुरू केल्यावर अडखळणे बरेच थांबले.

झाकण उघडलेलेच होते म्हणून पंख्याकडे पाहिले, तर त्यात सोयाबीनच्या मळणीची धूळ घट्ट बसलेली. मऊ ब्रशने काढली. "म्हंजे आमचं खळं इथवर आलं व्हतं," मित्र म्हणाला, आणि हरभऱ्याच्या बियाण्याचा हिशेब लिहायला बसला.