केंसांची गळती आणि शरीरांतील अंतःस्राव

परभणीहून मनमाडच्या दिशेनें निघालेल्या आगगाडीला पेडगांव हें लहानसें स्टेशन लागतें. अशा गांवांतली एखादी सून माहेरचें बाळंतपण आटोपून सासरीं परत येते. बाळ तीन महिन्यांचें झालेलें असतें, आणि एके दिवशीं वेणी घालतांना फणींत मूठभर केंसांचा गुंता निघतो. मग घरांत तर्कवितर्क सुरू होतात. सासूबाई म्हणतात, "सूनबाई, डोक्यावरून इतक्या लौकर पाणी घेऊं नका म्हणून सांगितलें होतें." जाऊबाई बोअरच्या मचूळ पाण्याला नांवें ठेवतात, शेजारीण तेलाची नवी बाटली सुचविते. परभणी शहरांत किंवा पुण्यामुंबईच्या बिऱ्हाडांतहि हाच संवाद चालतो. तेथें पाण्याऐवजीं शांपूवर खापर फुटतें, इतकेंच. या सर्व तर्कांत एक चूक समान आहे. केंस ज्या दिवशीं गळतो त्या दिवशींचें कारण शोधलें जातें. वास्तविक तें कारण पुष्कळ वेळां तीन महिन्यांपूर्वींच घडून गेलेलें असतें.

हें असें कां होतें तें समजण्यासाठीं केंसाचें आयुष्य पाहिलें पाहिजे. माणसाच्या डोक्यावर सुमारें एक लाख केंस असतात. प्रत्येक केंस दोन ते सहा वर्षें वाढतो, महिन्यास साधारण एक सेंटिमीटर. नंतर दोनतीन आठवड्यांत त्याचें मूळ आक्रसतें, सुमारें तीन महिने तो नुसता अडकून राहतो, आणि मग गळून नव्या केंसाला जागा करून देतो. प्रत्येक केंसाचा हा क्रम स्वतंत्रपणें चालतो, म्हणूनच रोज पन्नास ते शंभर केंस गळूनहि डोकें भरलेलें दिसतें. सगळे केंस एकाच मुहूर्तावर पिकास आले असते, तर माणसालाहि कांहीं जनावरांप्रमाणें ऋतुमानानुसार लोंकर झाडावी लागली असती.

वाढीला केव्हां लागावें आणि विश्रांति केव्हां घ्यावी याविषयींचे हुकूम केंसाच्या मुळाला रक्तांतून येतात. शरीरांतील कांहीं ग्रंथींतून जे रस थेट रक्तांत मिसळतात त्यांना अंतःस्राव किंवा संप्रेरकें म्हणतात. इंग्लंडांतील शरीरशास्त्रज्ञ स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं त्यांस हार्मोन हें नांव दिलें. गरोदरपणीं स्त्रीच्या रक्तांत इस्ट्रोजेन या संप्रेरकाचें प्रमाण पुष्कळ वाढतें, आणि ज्या केंसांची विश्रांतीची पाळी आलेली असते तेहि वाढतच राहतात. म्हणून सातव्याआठव्या महिन्यांत कित्येक स्त्रियांचा केशसंभार एरवींपेक्षां दाट दिसतो. प्रसूतीनंतर तें प्रमाण एकदम उतरतें. थांबून राहिलेले ते सारे केंस एकदमच विश्रांतीस जातात आणि तीन महिन्यांनीं एकदमच गळतात. बाळंतीण त्या वेळीं नवें कांहीं गमावीत नसते, मागची बाकी फेडीत असते. नेमकें त्याच सुमारास बाळ हसूं लागतें, माणूस ओळखूं लागतें; तेव्हां पाण्याबरोबर बाळाच्याहि माथीं दोष आला तर नवल नाहीं. बाळ वर्षाचें होईपर्यंत बहुतेक मातांचे केंस पूर्ववत् होतात. कडक ताप, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपासमार यांच्यानंतर होणारी गळतीहि याच तीन महिन्यांच्या हिशेबानें येते.

परंतु सर्वच गळती बाळंतपणाच्या खात्यावर घालणेंहि धोक्याचें आहे. प्रसूतीनंतरच्या वर्षांत कांहीं स्त्रियांची गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि बिघडते. तिचा स्राव कमी पडला कीं केंस कोरडे व राठ होतात, सबंध डोक्यावर विरळ होतात, आणि कधीं कधीं भुवयांची बाहेरची टोकेंहि झडतात. त्याबरोबर थंडी सोसत नाहीं, अंग जड वाटतें, मलावरोध होतो, कामांत मन लागत नाहीं. घरांतली माणसें त्याला आळस म्हणतात; बाईला स्वतःलाहि तें खरें वाटूं लागतें. एका रक्ततपासणींत उलगडणारा हा आजार तेलाच्या चार बाटल्या संपेपर्यंत तसाच अंगावर काढला जातो. लोहाच्या कमतरतेमुळें होणाऱ्या पांडुरोगाचीहि तीच गोष्ट. त्यालाहि हिमोग्लोबिनची साधी तपासणी पुरते.

दुसऱ्या प्रकारची गळती याहून अगदीं निराळी, मंद आणि चिवट. पुरुषांना पडणारें टक्कल तें हेंच. अमेरिकेंतील जेम्स हॅमिल्टन यांनीं १९४२ सालीं एक महत्त्वाचें निरीक्षण प्रसिद्ध केलें. ज्या पुरुषांच्या वृषणांचें कार्य तारुण्यापूर्वींच बंद पडलें होतें, त्यांना टक्कल पडत नसे. त्यांना पुरुषसंप्रेरक टोचल्यावर ज्यांच्या घराण्यांत टक्कल होतें त्यांचे केंस मागें हटूं लागले, इतरांचे हटले नाहींत. म्हणजे आनुवंशिकता आणि संप्रेरक यांची जोडी जमल्याशिवाय टक्कल पडत नाहीं, आणि वय वाढेल तसा तिचा परिणाम वाढत जातो. पुढें १९७४ सालीं डोमिनिकन रिपब्लिकमधील कांहीं कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथील कांहीं मुलगे जन्मतः मुलींसारखे दिसत व तारुण्यांत पुरुष होत. पण त्यांना दाढी तुरळक येई आणि कपाळावरचे केंस मागें हटत नसत. पुरुषसंप्रेरकाचें डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या अधिक प्रखर द्रव्यांत रूपांतर करणारें विकर त्यांच्यांत काम करीत नव्हतें. टक्कल पाडणारें द्रव्य तें हेंच, अशी खूण त्यावरून पटली. गंमत अशी कीं, हेंच द्रव्य हनुवटीवर दाढी वाढवितें आणि टाळूवरचा केंस पिढीगणिक बारीक करीत नेतें. डोक्याच्या मागील बाजूचे केंस मात्र त्याचा हुकूम मानीत नाहींत. केशरोपणासाठीं ते तेथूनच घेतात त्याचें कारण हेंच. टक्कल पडलेल्यांच्या रक्तांत पुरुषसंप्रेरक बहुधा नेहमींइतकेंच आढळतें, तेव्हां टक्कल म्हणजे अधिक पौरुष ही समजूत निराधार आहे. मामावरून भाच्याचें भविष्य सांगण्याची रीत अर्धी खरी आहे; एक महत्त्वाचा जनुक आईकडून येतो खरा, पण बाकीचे दोन्ही घराण्यांकडून येतात.

स्त्रियांत हीच क्रिया भांगाच्या रेषेवर दिसते. भांग रुंदावत जातो, कपाळावरची केंसांची कड बहुधा टिकून राहते. रजोनिवृत्तीनंतर हें पुष्कळदां घडतें. तरुण मुलींत मात्र पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केंस आणि चेहऱ्यावर मुरमें अशी त्याला जोड असेल, तर बीजकोशांच्या विकाराची तपासणी अवश्य करावी. त्या विकाराचा संबंध पुढें मधुमेहाशींहि पोंचतो. मुलीचें लग्न जमवायचें आहे म्हणून ही गोष्ट दडवून ठेवणें हा शुद्ध वेडेपणा होय.

संप्रेरकांची ही सावकाश चाल ध्यानांत असली म्हणजे निराळ्या कारणाची गळती ओळखतां येते. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ मध्यें बुलढाणा जिल्ह्यांत शेगांव तालुक्याच्या खेड्यांतून लोकांचे केंस तीनचार दिवसांत गळूं लागले. पुरुष, स्त्रिया, मुलें, कोणी सुटलें नाहीं. अनेक घरांत एकदम आणि इतक्या झपाट्यानें होणारें हें काम अंतःस्रावांचें नव्हे, तें बाहेरूनच आलेलें असलें पाहिजे. प्रथम पाण्याचा आणि बुरशीचा संशय घेण्यांत आला. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचें पथक येऊन गेलें. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं तपासण्या करून रेशनच्या गव्हांतील अतिरिक्त सेलेनियमकडे बोट दाखविलें. पुढें कांहीं जणांचीं नखेंहि गळालीं. दरम्यान कित्येकांनीं लाजेनें मुंडण करून घेतलें होतें.

औषधांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. डोक्याला लावावयाचें मिनॉक्सिडिल १९८८ सालीं आणि पुरुषांसाठीं पोटांत घ्यावयाचें फिनॅस्टेराइड १९९७ सालीं अमेरिकेंत मान्य झालें. गुण दिसावयास चारसहा महिने लागतात आणि तीं सोडलीं कीं मिळालेला लाभहि जातो. फिनॅस्टेराइड गरोदर स्त्रीनें घेऊं तर नयेच, तुटलेल्या गोळीला हातहि लावूं नये. गर्भांतील मुलाच्या वाढीस तें बाधतें. तेल केंसाच्या काडीला मऊपणा देतें, मुळाला हुकूम देत नाहीं. जावळ काढल्यानें किंवा वारंवार मुंडण केल्यानें केंस दाट होत नाहींत, कारण वस्तरा मुळापर्यंत जातच नाहीं. कापलेलें टोंक बोथट असतें म्हणून तो जाड भासतो.

डॉक्टरांकडे जातांना गळतीपूर्वीं तीनचार महिन्यांत काय काय घडलें, बाळंतपण, ताप, नवी गोळी, पाळींतला फरक, तें लिहून न्यावें. बाळंतिणीनें डाळ, पालेभाजी, अंडें पोटांत जाऊं द्यावें आणि लोहाच्या गोळ्या चुकवूं नयेत. पांचसहा महिन्यांनीं कपाळाच्या कडेला बोटाच्या पेराएवढे आंखूड केंस उभे राहतात आणि वेणींत बसत नाहींत. तेलानें चापून बसविण्याची तेव्हां घाई करूं नये. ते नवे केंस आहेत.